पूलवाल्यांना दुखत होते

स्तुती करावी ती भगवंताची. कितीही करावी, घसा बसेपर्यंत करावी. त्याचे काही बिघडत नाही. त्याला दयाघन म्हटले म्हणून कुठली कचेरी दयेचा पुरावा मागत नाही, आणि त्याला अविनाशी म्हटले म्हणून कुणाची पेन्शन अडत नाही. माणसाची स्तुती करताना मात्र, सज्जनहो, जीभ जरा आवरावी. माणसामागे घर असते, घराला भाडे असते, आणि त्या घरात मागे राहिलेली एक बाई असते. तो माणूस सैनिक असेल, जखमी होऊन परतलेला असेल आणि आता या जगात नसेल, तर त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोलण्याआधी त्या बाईला हळूच विचारून घ्यावे, की माउली, यातला कोणता शब्द तुम्हाला परवडेल?

ज्यांना असे कुणी विचारले नाही, त्या वहिनींची ही कथा.

वहिनी म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्याच वहिनी. तळमजल्यावर दोन खोल्यांचे भाड्याचे घर, दाराशी पायरीऐवजी सिमेंटचा उतार. वहिनी उंचीने बेताच्या, बोलण्याने त्याहून बेताच्या. पण दंड पाहावेत तर हमालाचे. उभी हयात एका भारदस्त माणसाला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर घेता घेता ते तसे झाले होते. गल्लीला हे कारण ठाऊक नव्हते. गल्लीची समजूत अशी, की बाई कपडे फार जोरात पिळतात.

त्यांचे यजमान सैन्यात पूल बांधायचे, म्हणून सगळे त्यांना पूलवाले म्हणत, आणि जुने सोबती नुसते पूल म्हणत. नदीवर लोखंडी सांगाडे टाकायचे, त्यांवर फळ्या अंथरायच्या, फौज पलीकडे गेली की सगळे उचलून पुढच्या नदीवर न्यायचे. काय पवित्र काम पाहा! सगळ्यांना पार न्यायचे आणि आपण पाण्यात उभे राहायचे. अशाच एका काठावर त्यांच्या पायाखाली सुरुंग फुटला. डावा पाय गुडघ्याच्या वरून गेला, आणि लोखंडाचे बारीक तुकडे पाठीच्या कण्याजवळ जाऊन बसले. ते काढण्यापेक्षा असू देणे बरे, असे शस्त्रक्रिया करणारे म्हणाले. तसे ते राहिले. सरकारने एक पदक दिले, एक कृत्रिम पाय दिला आणि एक अपंग पेन्शन दिली. पदक भिंतीवर गेले, पाय दाराआड उभा राहिला आणि पेन्शनीवर घर चालले.

आता या पेन्शनीची एक अट होती. दर वर्षी सैनिकी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचे. त्या दिवशी पूलवाले पहाटेच दाढी करीत, कडक इस्त्रीचा सदरा घालीत, आणि कृत्रिम पाय असा काही आवळून बांधीत की खऱ्या पायालाही लाज वाटावी. डॉक्टरांच्या खोलीत घरच्यांना प्रवेश नसे, म्हणून वहिनी बाहेर बाकावर. आत डॉक्टर विचारीत, कसे काय. पूलवाले खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होत आणि दारातून बाहेर ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात सांगत, "एकदम ठीक, साहेब." डॉक्टर लिहीत, ठीक. शिक्का बसे. दोघे घरी येत, दार लावले जाई, आणि तो ताठ माणूस जमिनीवर पालथा पडे. वहिनी त्याच्या पाठीवर कोपराने भार देऊन बसत आणि तो उशीचा कोपरा दातांत धरी.

तुम्ही म्हणाल, खोटे का बोलावे? डॉक्टर काय शत्रू होता? सज्जनहो, सैनिकाचे शास्त्र निराळे असते. तुकडीत एकाने दुखते म्हटले, तर त्याच्या वाटचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर जाते; एक जण आजारी म्हणून निजला, तर त्याच्या जागी पाण्यात दुसऱ्याला उभे राहावे लागते. म्हणून जो खरा सोबती, त्याला कधीच दुखत नाही. पूलवाल्यांना घरी येऊन किती वर्षे लोटली, तुकडी मोडली, नदीवर पक्का पूल झाला आणि त्याच्यावरून बस जाऊ लागली, तरी हा भला माणूस कुणा अज्ञात भावाच्या खांद्यावर आपले ओझे जाऊ नये म्हणून ठीकच राहिला. घरात एक खांदा होता, त्यावर मात्र ते ओझे रोज जात होते. पण बायकोचा खांदा शास्त्रात धरलेला नव्हता.

दुखणे असे लपवले म्हणून थांबत नाही. त्याला गोळ्या लागतात. सैनिकी दवाखान्यातून गोळ्या घेतल्या तर कागदावर येणार, म्हणून त्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून यायच्या, चिठ्ठीवाचून. आणि आणायच्या कुणी? वहिनींनी. पूलवाल्यांनी लग्नानंतर बायकोकडे फारशा मागण्या केल्या नाहीत, ही एक केली की, "तुझं डोकं दुखतं म्हणून सांग." वहिनींनी सांगितले. आयुष्यभर सांगितले. त्या औषधवाल्याच्या लेखी असे सततचे डोके जगात दुसरे नव्हते. मग ते गल्लीत पसरले. बायका हळहळायच्या, की पूलवाले काका काय खंबीर माणूस, पाय गेला तरी हूं नाही की चूं नाही. आणि बायको पाहावी तर रोज गोळी. थोरल्या नणंदबाई तर चार माणसांत म्हणत, की माझ्या भावाचा एक पाय लढाईने नेला आणि उरलेला जीव या आजारी बायकोने. वहिनी ऐकून घेत. ऐकून घेण्याचे दंडही त्यांचे तसेच तयार झाले होते.

आधी गोळी एक होती. मग दोन झाल्या, मग मूठ झाली. एके वर्षी पूलवाल्यांचा चेहरा सुजला, राहिलेला पाय सुजला, आणि मोठ्या इस्पितळात सांगण्यात आले की दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारले, काही गोळ्या वगैरे घेत होता का. पूलवाल्यांना तेव्हा मान उचलवत नव्हती, तरी नाही म्हणायला तेवढी उचलली. वहिनींनी बाहेर गाठून खरे सांगितले. डॉक्टर म्हणाला, अरेरे. पण अरेरे लिहायला कागदावर जागा नसते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले एवढेच, की मूत्रपिंड निकामी.

आणि इथून, सज्जनहो, पूलवाल्यांची यात्रा संपली आणि वहिनींची सुरू झाली.

माजी सैनिकांची ती कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. अपंगांचे कामकाज तिसऱ्या मजल्यावर का, असे तुम्ही विचाराल, म्हणून सांगतो: खालच्या मजल्यावर खेळाडूंना प्रोत्साहन देणारे खाते होते. लिफ्ट होती, पण ती अधिकाऱ्यांसाठी, आणि अधिकारी तरुण व निरोगी असल्याने ती बिचारी हौसेने वरखाली करी. वर एक लांब बाक, एक काचेची खिडकी, आणि काचेत बोलण्यासाठी पाडलेले अर्धचंद्राकृती भोक. ते भोक इतके खाली होते की बोलणाऱ्याला आपोआप नमस्काराची मुद्रा घ्यावी लागे. भोकापलीकडे एक कारकून होते. गृहस्थ मनाने अगदी वाईट नव्हते. उरलेला चहा खिडकीतल्या रोपट्याला घालीत, आणि ते रोपटे जगून राहिले होते.

त्यांनी वहिनींना नियम सांगितला. अपंग पेन्शन माणसाबरोबर संपते. मात्र माणूस त्या जखमेमुळेच गेला असेल, तर अर्धी पेन्शन बायकोला तहहयात चालू राहते. वहिनी म्हणाल्या, जखमेमुळेच गेले. कारकुनांनी दाखला वाचला आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, जखम पायाला. मृत्यू किडनीनं. या दोघांची भेट कुठं झाली, तेवढं दाखवा."

वहिनींनी पाठीतले तुकडे सांगितले, गोळ्या सांगितल्या. कारकुनांनी सैनिकी दवाखान्याचे कागद मागवले. कागद आले. दर वर्षी ठीक. मधली काही वर्षे उत्तम. अखेरच्या वर्षी तर सुधारणा आहे. कारकुनांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, की या हिशेबाने साहेब आणखी काही वर्षे राहते तर पायही परत आला असता. त्यात कुचेष्टा नव्हती. कागद वाचून माणसाचे जे मत होते, ते झाले होते. शिवाय मृत्यूचा दाखला जुना झाला होता; तो सहा महिन्यांच्या आतला लागे. परिस्थितीत काही बदल झालेला असू शकतो, असा त्यामागचा विचार. वहिनींनी नवा दाखला काढला. परिस्थितीत बदल नव्हता.

मग त्या औषधवाल्याकडे गेल्या. आता तरी सांगा, की गोळ्या त्यांच्यासाठी जात होत्या. औषधवाल्याने दुकानात इकडेतिकडे पाहिले. चिठ्ठीवाचून मुठी मुठी गोळ्या विकल्या, हे कोण शहाणा लिहून देईल? तो अत्यंत आदराने म्हणाला, की काका फक्त दाढीचा साबण न्यायचे, गोळ्या तुमच्या डोक्यासाठी होत्या, वहिनी, आणि आता कसे आहे डोके? वहिनींनी आयुष्यभर जे पेरले होते, ते असे तरारून आले.

घरी नणंदबाई येऊन बसलेल्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघरामागची खोली रिकामी केली होती. पेन्शन नाही तर भाडे नाही, भाडे नाही तर घर नाही, हे त्यांनी वहिनींआधीच ताडले होते. आमच्याकडे ये, सुनेला नोकरी आहे, घरात करायला माणूस हवेच आहे, असे त्यांनी मायेने सांगितले. माया खरी होती आणि भांडीही खरी होती. उठताना दारात म्हणाल्या, "एवढं सांभाळलंस म्हणतेस माझ्या भावाला. मग गेला कसा?"

"तेच सिद्ध करतेय, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

कारकुनांनीच पुढचा मार्ग दाखवला. मृताला जवळून ओळखणाऱ्या माजी सैनिकांनी लेखी दिले, तर विचार होऊ शकेल. वहिनींच्या जिवात जीव आला. माजी सैनिकांची संघटना होती, आणि तिचे अध्यक्ष तर यजमानांचे जिवलग. ते तरुणपणी फौजेत बिगुल वाजवायचे, म्हणून त्यांना सगळे बिगुल म्हणत. वाद्य कधीच जमा करून घेतले होते, पण आवाज परत घ्यायचा राहून गेला होता. एका मांडीत गोळी शिरून गेलेली, चाल किंचित आखडती, छाती मात्र सदा पुढे.

संघटनेचे सभागृह म्हणजे टायरांच्या दुकानामागची एक खोली; घडीच्या खुर्च्या, गेलेल्यांच्या तसबिरी, आणि मागच्या अंगाला एक मोरी. वहिनींनी दारात उभ्याने एवढेच मागितले, की त्यांना त्रास व्हायचा, इतकेच लिहा, जास्त काही नको. बिगुल यांनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, वहिनी, तुम्ही घरी जा, पूलसाठी आम्ही असे लिहू की दगडाला पाझर फुटेल.

आणि लिहिले. माणसे जमली, खुर्च्या उघडल्या गेल्या. बिगुल सांगत होते आणि चिटणीस लिहून घेत होते. हे चिटणीस फौजेत नकाशे वाचायचे, म्हणून ते नकाशा. प्रत्येक वाक्याला कुणी ना कुणी मान डोलवी. मित्राविषयीचे प्रेम, गेल्याचे दुःख आणि सैनिकाचे शास्त्र, तिन्ही एका कागदावर उतरले. दुसऱ्या दिवशी वहिनींना बोलावून ते पत्र उभ्याने वाचून दाखवण्यात आले: आमचा पूल वेदनेपुढे कधी वाकला नाही. त्याने आयुष्यात एक गोळीदेखील घेतली नाही. दुखणे त्याच्या दाराशी येई आणि सलाम करून परत जाई. टाळ्या झाल्या. एका म्हाताऱ्याने डोळे टिपले. वहिनींनी विचारले, की हे अजून पाठवले नसेल ना? नकाशा अभिमानाने म्हणाले, की मूळ प्रत सकाळीच पोचती केली. सैनिक काम उद्यावर टाकत नाही.

पाहिलेत, सज्जनहो? शत्रूच्या सुरुंगाने एक पाय नेला होता. मित्रांच्या प्रेमाने घर न्यायला घेतले.

कचेरीचा नकार लवकरच आला. इतक्या लवकर त्या कचेरीतून पूर्वी काही आले नव्हते, कारण विचार करण्यासारखे काही उरलेच नव्हते. अर्जदाराच्याच साक्षीदारांच्या म्हणण्यानुसार मृताने कधीही औषध घेतलेले नाही व त्याला वेदना नव्हत्या. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे. मृताच्या धैर्याबद्दल कचेरीला आदर आहे. अपील करायचे असल्यास तीन जणांच्या मंडळापुढे साक्षीदारांसह हजर व्हावे.

वहिनी पुन्हा बिगुल यांच्याकडे गेल्या. ते घरच्या ओट्यावर बसले होते. वहिनींनी नकाराचा कागद पुढे केला आणि दुसरे पत्र मागितले. बिगुल यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि दुखावले गेले. कचेरीने नव्हे, वहिनींनी.

"वहिनी, मेलेल्या शूराला रडका ठरवायचं?"

"ते कधी रडले नाहीत, भाऊजी. त्यांना दुखत होतं."

"आमच्यात ते एकच."

वहिनींनी कागदाची घडी घातली. त्या म्हणाल्या, की पत्र राहू द्या, पण अपिलाला माझ्याबरोबर या. याला बिगुल आनंदाने तयार झाले. पूलविषयी बोलायला ते कुठेही आले असते. तेवढ्यात त्यांची बायको आतून चहा घेऊन आली. ही बाई अंगाने मोठी, आवाजाने नवऱ्याला शोभणारी. तिला सगळे बिगुलीणबाई म्हणत आणि तिला ते आवडे. वहिनींना पोचवायला ती कोपऱ्यापर्यंत आली. त्या दोघींची ओळख जुनी, आणि ती झाली होती त्याच औषधवाल्याच्या फळीपाशी. एक म्हणायची डोके, दुसरी म्हणायची सांधे. पहिल्या वर्षीच एकीने दुसरीच्या पुडीकडे पाहिले, दुसरीने पहिलीच्या. दोघींनी काही विचारले नाही. त्या फळीवर जेवढे सैनिकी गुपित साठले होते, तेवढे सेनापतीच्या कपाटात नसेल.

"उशीत ठेवतात," बिगुलीणबाई चालता चालता म्हणाल्या. "मला कळत नाही असं समजतात. उशी खुळखुळते आणि म्हणे कळत नाही."

वहिनी म्हणाल्या, की मंडळापुढे मी त्यांचे नाव घेणार नाही.

"नको घेऊस. पण विचारायचं तर त्यांनाच विचार. मी विचारलं तर बायको म्हणून उडवून लावतात. तू तर पूलची बायको." आणि जरा थांबून, गंमत केल्यासारखे, पण गंमत न करता, ती माउली म्हणाली, "उद्या मला कचेरीतल्या त्याच बाकावर बसायचंय गं. जागा धरून ठेव."

अपिलाचा दिवस आला. बिगुल सगळी पदके लावून आले होते. तीन मजले चढायचे होते. जिन्याच्या तळाशी ते थांबले, बूट सारखा करतो म्हणाले, भिंतीकडे तोंड केले. वहिनींनी दुसरीकडे पाहिले, आणि तरीही पाहिले.

वर मंडळाचे तीन जण बसले होते. मधे अध्यक्ष, ज्यांच्यापुढे घड्याळ होते; एका बाजूला सैनिकी डॉक्टर, डोळ्यांखाली काळे, हातात पूलवाल्यांचे वर्षावर्षांचे ठीक; दुसऱ्या बाजूला नियमांचे पुस्तक घेऊन आपले कारकून. अध्यक्षांनी बिगुल यांना विचारले, की मृताला वेदना होत असत का. झाले. छाती पुढे आली, पदके वाजली, आणि सभागृहातले ते पत्र आता नादासह अवतरले. वेदना आली, सलाम करून गेली. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. अर्जदाराचा साक्षीदार अर्ज बुडवतो आहे, तेव्हा आपण मधे कशाला पडा? त्यांनी पेनाला टोपण लावले.

तेव्हा वहिनींनी विचारले, की मी यांना एक प्रश्न विचारू का. अध्यक्षांनी कारकुनांकडे पाहिले. अर्जदाराने आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारावा की नाही, याचे कलम कारकून शोधू लागले. ते शोधत होते तोवर वहिनींनी विचारून टाकले.

"भाऊजी, खाली जिन्यापाशी भिंतीकडे तोंड करून काय घेतलंत?"

बिगुल यांनी सदऱ्याचे बटण चाचपले. मग म्हणाले, "पाणी."

"पाण्याबरोबर?"

वहिनींच्या आवाजात आरोप नव्हता. घरच्या माणसाला, जेवलात का, असे विचारावे, तसे त्यांनी विचारले होते. शत्रूच्या प्रश्नाला सैनिक उत्तर देत नाही. पण असा प्रश्न त्यांना आजवर बायकोखेरीज कुणी विचारला नव्हता, आणि त्याविरुद्धचे शिक्षण कुठल्या छावणीत मिळत नाही. बिगुल यांनी पदकांमागच्या खिशात हात घातला, अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी काढली आणि मेजावर ठेवली.

"पहिली मला पूलनं दिली," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. कुण्या साध्या म्हाताऱ्याचा होता. "संचलनाच्या दिवशी. सभागृहामागं, मोरीपाशी. म्हणाला, घे, मान वर करून चालता येतं. मग दर संचलनाला तिथंच भेटायचो. मी एक घ्यायचो. तो मूठभर घ्यायचा."

अध्यक्षांनी टोपण काढले. पत्र समोर धरून ते कडक स्वरात म्हणाले, की मग यात एक गोळीदेखील घेतली नाही, असे कसे लिहिले?

"साहेब, तो गेला होता," बिगुल म्हणाले. "आणखी काय देणार होतो मी त्याला?"

अध्यक्षांनी पत्र खाली ठेवले. मग त्यांनी वहिनींना विचारले, की या गोळ्या आणत कोण असे. वहिनी उभ्या राहिल्या. "मी. माझं डोकं दुखतं असं सांगून. माझं डोकं आजवर कधी दुखलं नाही, साहेब. आज जरा दुखतंय."

डॉक्टर मात्र पुढे झुकले होते. त्यांनी ती पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि पूलवाल्यांना सोडून बिगुल यांनाच विचारू लागले, की कधीपासून घेता, दिवसाला किती, पाय सुजतात का. अध्यक्षांनी आठवण करून दिली, की साक्षीदाराची मूत्रपिंडे आजच्या विषयपत्रिकेवर नाहीत. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "येतील, साहेब. याच मेजावर येतील. समोर बाई दुसरी असेल, एवढंच." आणि हातातले वर्षावर्षांचे कागद ते एकेक करून उलटू लागले. त्यांतल्या काही ठीकखाली सही त्यांचीच होती.

कारकुनांना शेवटी कलम सापडले. अर्जदाराला प्रश्न विचारता येत नव्हता. पण विचारलेल्या प्रश्नाचे आलेले उत्तर पुसून टाकावे, असेही कलम नव्हते. आणि ते त्यांनी, कुणी न विचारता, मोठ्याने वाचून दाखवले. रोपट्याला चहा घालणारा हात तो, त्या दिवशी एका संसाराला पाणी घालून गेला.

आदेश यायला वेळ लागला, पण आला. भाषा पाहा: मृत व्यक्ती सेवेतील जखमेमुळे दीर्घकाळ वेदनाग्रस्त होती, सदर बाब तिने शासनापासून हेतुपुरस्सर लपवली, हे निषेधार्ह आहे, तथापि वेदनाशामक औषधांच्या अतिसेवनाने मृत्यू ओढवला असल्याने तो जखमेचाच परिणाम समजून, पत्नीस कुटुंब पेन्शन तहहयात मंजूर करण्यात येत आहे. सरकारने निषेध केला आणि पेन्शन दिली. देव पावतो तेव्हा तोंड कुठे करून पावतो, हे भक्ताने पाहू नये. वहिनींनी घरमालकाला भाडे दिले, आणि नणंदबाईंना निरोप धाडला की खोली दुसऱ्या कुणाला द्या.

मग त्या बिस्किटांचा डबा घेऊन संघटनेचे आभार मानायला गेल्या. सभागृहात तातडीची सभा चालू होती, आणि विषय त्यांच्याच आदेशाचा होता. वेदनाग्रस्त या शब्दाने संघटनेच्या अत्यंत शूर सभासदाचा अपमान झाला असून तो शब्द काढून टाकावा, असा ठराव नकाशा वाचत होते. बिगुल अध्यक्षांच्या खुर्चीत होते. रक्त तपासून आले होते, आता पट्टी नव्हती, आणि दुखणारी मांडी दुसऱ्या खुर्चीवर चारचौघांत लांब करून बसले होते. त्यांचा हात खालीच होता. बाकीचे हात वर करायच्या बेतात होते.

वहिनींनी डबा मेजावर ठेवला.

"तो शब्द राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांना दुखत होतं. सरकारनं मानलं, आता तुम्हीही माना. त्यानं ते लहान होत नाहीत, भाऊजी. रोज पाहिलंय मी त्यांना, दुखत असताना. ते लहान दिसायचे नाहीत."

हात वर झाले नाहीत. कुणी खाली पाहिले, कुणी तसबिरीकडे. माझा विश्वास आहे, की त्या घडीला त्या टायरांच्या वासाच्या खोलीत देव आला होता आणि घडीची खुर्ची उघडून मागे बसला होता. नकाशांनी ठरावाचा कागद दुमडला, पुन्हा उलगडला, पुन्हा दुमडला. हा माणूस आयुष्यभर इतरांना वाट दाखवत आला होता. त्याने घसा साफ केला आणि भिंतीकडे पाहत विचारले, की समजा, म्हणजे आमच्यातल्या एखाद्याला, उगाच आपले उदाहरण म्हणून, डॉक्टरांना सांगायचेच झाले, तर सुरुवात कशी करतात?

"दुखतं, म्हणायचं," वहिनी म्हणाल्या.

"नुसतं?"

"कुठं, ते डॉक्टर विचारतील."

नकाशांनी टाचा जुळवल्या. हात मांडीला सरळ लावले. नजर समोर. श्वास घेतला.

"तसं विशेष काही नाही," ते म्हणाले.

मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या; दोघे-तिघे पुढे येऊन उभे राहिले होते, ओळीने, जसे त्यांना सवयीने येत होते. वहिनींनी एक खुर्ची ओढली आणि त्या नकाशांच्या समोर बसल्या.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.